वर्कशॉपचं पंचांग

शाळेच्या वर्कशॉपमध्ये नियमांचा फलक असतो. आमच्याकडेही आहे: गॉगल घाला, केस बांधा, पळू नका, विचारल्याशिवाय बटण दाबू नका. त्यातला एकही नियम चुकीचा नाही. पण फलक बारा महिने तोच राहतो आणि त्याच्यासमोर उभी राहणारी मुलं रोज वेगळी असतात. कालची रात्र जागून आलेली, पावसात भिजलेली, बोटाला पट्टी बांधलेली, परीक्षेच्या धास्तीत असलेली. वडोदऱ्याला अलकापुरीतल्या एका शाळेत मी सहावी ते बारावीच्या मुलांना हत्यारं आणि यंत्रं शिकवते. धोक्यांची नोंद ठेवणारी माझी वही यंत्रांप्रमाणे लावलेली नाही, महिन्यांप्रमाणे लावलेली आहे.

जानेवारीपासून सांगते. चौदा तारखेची उत्तरायण आणि पंधराची वासी उत्तरायण हे दोन दिवस अख्खं वडोदरा गच्चीवर असतं. मांज्याला काच लावलेली असते, त्यामुळे सोळा तारखेला वर्गातल्या निम्म्या मुलांच्या तर्जनीच्या पेरांवर बारीक चिरा आणि त्यावर पट्ट्या. पट्टी बांधलेलं बोट फिरत्या यंत्राजवळ येऊ द्यायचं नाही. पट्टीचं सुटलेलं टोक ड्रिलच्या बिटला लागलं की ते गुंडाळलं जातं, आणि गुंडाळलं जाताना बोटालाही ओढून नेतं. याच कारणाने ड्रिल आणि लेथवर हातमोजे चालत नाहीत. पालकांना हे पटवणं अवघड जातं. प्रेमाने जाड हातमोजे घेऊन देणारे आईवडील मी पाहिले आहेत. गरम वस्तू उचलताना, पत्रा हाताळताना मोजे हवेतच. पण फिरत्या बिटजवळ उघडं बोट खरचटून निसटू शकतं, मोज्यातलं बोट निसटत नाही. म्हणून संक्रांतीनंतरचा आठवडा आमच्याकडे मोजमापाचा असतो: व्हर्नियर, काटकोन, आरेखन. यंत्रं बंद.

मार्चनंतर उकाडा, आणि उकाड्याबरोबर पंख्याचा प्रश्न. सोल्डरिंगच्या टेबलावर डोक्यावरचा पंखा लावला तर धूर थेट शेजारच्या मुलाच्या तोंडावर जातो, आणि बंद केला तर घाम गॉगलच्या काचेवर. त्रेसष्ट-सदतीस प्रमाणातलं कथील-शिसं १८३ अंशांना वितळतं. पण सोल्डरिंग आयर्नचं टोक साडेतीनशेच्या आसपास असतं. दिसणारा धूर मुख्यतः शिशाचा नसतो, फ्लक्समधल्या राळेचा असतो, आणि राळेचा धूर वर्षानुवर्षं घेतला तर दमा जडू शकतो. शिसं येतं ते बोटांवरून, डब्यातल्या थेपल्याबरोबर. दोन धोके वेगळे, म्हणून इलाजही वेगळे. धुरासाठी टेबलाच्या कडेला बाहेर ओढणारा छोटा पंखा, शिशासाठी दाराशी साबण आणि मधल्या सुट्टीआधी पाच मिनिटं. लहान वर्गांना आता शिसं नसलेलीच तार देतो. ती जरा जास्त तापवावी लागते आणि सांधा तितका चकचकीत येत नाही, तरी चालेल.

जूनमध्ये शाळा उघडते आणि पाठोपाठ अलकापुरीचं रेल्वेखालचं गरनाळं पाण्याने भरतं. रुळांपलीकडून येणारी मुलं वळसा घालून उशिरा, ओल्या बुटांनी पोचतात. ओला हात, ओली फरशी आणि वीज यांचा विचार आपल्याकडे अर्धवट होतो. लोक एमसीबी दाखवतात आणि निश्चिंत होतात. एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नाही. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो क्षणात वीज तोडतो. त्यावर एक छोटं ‘टेस्ट’ बटण असतं, आणि ते दर महिन्याला दाबून पाहायचं असतं. ते बटण कधीच न दाबलेल्या शाळा किती असतील या विचाराने मला खरोखर काळजी वाटते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला मोठा पूर आला. त्यानंतर ओल शिरलेली प्रत्येक मोटर मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या उपकरणाने, तपासून घेईपर्यंत आम्ही एकही प्लग लावू दिला नाही. वरून कोरडी दिसणारी मोटर आत वेटोळ्यांत ओल धरून बसलेली असते.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते, ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ढगाळ दिवशी वर्कशॉप फक्त ट्यूबलाइटवर चालतं. चोक असलेली जुनी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला ते कळत नाही, पण लेथचा चक विशिष्ट वेगाने फिरत असेल तर तो थांबल्यासारखा किंवा अगदी हळू फिरत असल्यासारखा दिसतो. मूल हात पुढे करतं, कारण डोळे त्याला यंत्र बंद असल्याचं सांगत असतात. लेथजवळचा दिवा न लुकलुकणारा हवा, एवढाच त्यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे.

श्रावणात राख्या. पुढे नवरात्रात हाताला नाडाछडी. या दोऱ्यांवरून मी मुलांशी वाद घालत नाही. दोरा काढायचा नसेल तर त्या दिवशी कानस आणि करवत. हातकामही कमी महत्त्वाचं नाही, आणि मूल श्रद्धेपोटी यंत्रापासून दूर राहिलं तर त्यात त्याची मानहानी होता कामा नये. नवरात्रातल्या रात्री मात्र खऱ्या कसोटीच्या. वडोदऱ्याचा गरबा मध्यरात्रीपर्यंत चालतो आणि शाळा सकाळी सातला भरते. झोप अपुरी झालेल्या चौदा वर्षांच्या मुलाला ‘नीट लक्ष दे’ म्हणणं निरर्थक आहे. त्या नऊ दिवसांत पहिल्या तीन तासांत यंत्र चालवायचं नाही, हे आम्ही वेळापत्रकातच लिहून घेतलं आहे.

आणि मग खंडेनवमी. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या मराठी घरांत या दिवशी हत्यारं पुसून पाटावर मांडतात. वर्कशॉपमध्ये मी हाच दिवस वार्षिक तपासणीचा केला आहे. सगळे प्लग काढलेले, सगळी यंत्रं मुलांच्या हाती, पण निर्जीव. ग्राइंडरचा टेकू आणि दगड यांच्यातली फट ३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. दगड झिजतो तशी ती वाढत जाते आणि एक दिवस हातातला तुकडा त्या फटीत ओढला जातो. मुलं फीलर गेजने ती मोजतात. दगड काढून, टांगून, लाकडी मुठीने हलकेच ठोकतात. खणखणीत आवाज आला तर दगड शाबूत, बद्द आला तर आत तडा आहे आणि तो कचऱ्यात. कानशींच्या मुठी तपासतात, कारण मूठ नसलेल्या कानशीचं टोक तळहातात घुसतं आणि शाळांमध्ये मुठी नसलेल्या कानशी सर्रास वापरतात. पूजा होते, झेंडूचे हार येतात. हार मात्र लेथच्या चकला नाही, खालच्या स्टँडला. दुसऱ्या दिवशी कोणी हार न काढता बटण दाबलं तर काय होईल हे मुलांनीच सांगितलं होतं.

ड्रिलबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण शाळेतलं सगळ्यात साधं वाटणारं यंत्र तेच. दीड मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, त्यात आठ मिलिमीटरचं भोक. मूल डाव्या हाताने पत्रा धरतं, उजव्या हाताने दांडी खाली आणतं. सुरुवातीला सगळं सुरळीत असतं, चिप्सची कुरळी वेटोळी वर येतात. धोका असतो तो शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला. बिटचं टोक पलीकडे निघतं, विरोध एकदम संपतो, पण हाताचा दाब तेवढाच राहिलेला असतो. बिटच्या कडा भोकाच्या काठाला चावतात, पत्रा बिटवर वर चढतो आणि पंख्याच्या पात्यासारखा गरगरतो. डाव्या हाताने धरून तो थांबवण्याइतकी ताकद मोठ्या माणसातही नसते.

इथे शिक्षक काय करतो? ‘घट्ट धर’ म्हणतो. ते पुरत नाही. पत्रा वाइसमध्ये किंवा क्लॅम्पने टेबलाला बांधायचा, खाली लाकडाची फळी द्यायची म्हणजे पलीकडे निघालेल्या टोकाला आधार मिळतो, आणि शेवटी दाब हलका करायचा. यातल्या पहिल्या दोन गोष्टी मुलाच्या लक्षावर अवलंबून नाहीत. तिसरी आहे, पण पहिल्या दोन झालेल्या असतील तर तिसरी विसरली तरी फार तर बिट मोडेल. माझ्या कामाचं सार मला इथे दिसतं. मुलाचं लक्ष उडणार हे धरूनच मांडणी करायची.

आमच्याकडे ‘थोडक्यात वाचलो’ नावाची एक वही आहे. इजा झाली नाही, पण होता होता राहिली, असं काही घडलं की ज्याने पाहिलं त्याने लिहायचं. नाव घालायचं नाही. या वहीत एक कारण लिहायला बंदी आहे: ‘लक्ष नव्हतं’. सुरुवातीला प्रत्येक नोंदीत तेच असायचं, कारण मुलांना ते घरीदारी ऐकून पाठ असतं. ते काढून टाकल्यावर मुलं खरं लिहू लागली. ‘गॉगल मोठा होता, खाली घसरला.’ ‘सहावीच्या मुलीला दांडी पोचत नव्हती म्हणून ती स्टुलावर चढली.’ ‘चकची चावी चकमध्येच राहिली, कारण ती ठेवायला जागा नाही.’ या तिन्ही नोंदींवरून कामं झाली. लहान मापाचे, मागून इलॅस्टिकने बसणारे गॉगल आले. स्टूल हटवून ड्रिलपुढे रुंद लाकडी चौथरा केला. चकच्या चावीसाठी स्प्रिंग लावली, त्यामुळे हात सोडला की चावी आपोआप चकमधून बाहेर पडते. आमचे वर्कशॉप सहायक काका चाळीस वर्षांच्या कामात मुरलेले टर्नर आहेत. ती स्प्रिंग पाहून ते म्हणाले, “बेन, हे आम्हाला कारखान्यात मिळालं असतं तर!”

काकांचा एक आग्रह मी पहिल्या दिवसापासून पाळते. वर्गात गुजराती, मराठी, हिंदी, सिंधी घरांतली मुलं, शिकवण्याची भाषा इंग्रजी. पण धोक्याच्या वेळी ओरडायचं ते ‘बंद!’. हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आधीपासून असतो. तो कानावर पडला की लाल बटणाच्या जवळ असेल त्याने ते दाबायचं, मग विचारायचं. खोट्या हाकेबद्दल कोणाला रागवायचं नाही.

हाताने शिकण्याची परंपरा या गावाला नवीन नाही. १८९० साली सयाजीराव महाराजांनी इथे कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्राचार्य. दादासाहेब फाळके पुढे सिनेमाकडे वळले, त्याआधी ते कलाभवनात शिकले होते. तिकडे पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि गावातल्या शाळकरी मुलांच्या हाती वेल्डिंगचा होल्डर दिला. ही माणसं मुलांच्या हातांवर विश्वास ठेवणारी होती. तो विश्वास मलाही आहे. म्हणूनच एखादा अपघात ऐकून वर्कशॉपला कुलूप लावणाऱ्या शाळांचा मला राग येतो. कुलूप लावल्याने मूल सुरक्षित होत नाही. ते घरी यूट्यूब पाहून, कोणी जवळ नसताना, तेच करतं.

आता तर सरकारही मुलांच्या हाती यंत्रं देत आहे. अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५० हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली. थ्रीडी प्रिंटर, लिथियम बॅटऱ्या, काही ठिकाणी लेझर कटर. लेझरखाली पीव्हीसी गेलं तर हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो फुप्फुसाला आणि यंत्रालाही खातो. म्हणून कोणत्याही अनोळखी प्लास्टिकला आमच्याकडे ‘नाही’. ही सगळी यंत्रं खोक्यातून येतात, पण त्यांच्याबरोबर ती हाताळायला शिकवणारा माणूस येत नाही.

१९४८ च्या कारखाने कायद्याचं तेविसावं कलम मी दरवर्षी व्यवस्थापनासमोर ठेवते. धोकादायक यंत्रावर अल्पवयीन कामगाराला उभं करायचं तर आधी त्या यंत्राचे धोके त्याला पूर्ण समजावलेले हवेत आणि पुरेसं प्रशिक्षण किंवा जाणकाराची देखरेख हवी, असं त्यात म्हटलं होतं. शाळेतलं मूल कामगार नाही, कलम शाळेसाठी लिहिलेलं नाही. पण कारखान्यातल्या सतरा वर्षांच्या मुलाला जे संरक्षण देणं देशाला १९४८ मध्ये आवश्यक वाटलं, ते आमच्या बारा वर्षांच्या मुलीला नको, असं कोण म्हणेल?

देखरेख म्हणजे डोळे, आणि डोळे मोजता येतात. पस्तीस मिनिटांचा तास, चाळीस मुलं, एक शिक्षक. त्यात मुलं येऊन बसेपर्यंत पाच मिनिटं, आवराआवर सात. उरलेल्या वेळात प्रत्येकाची घाई, आणि वहीतल्या बहुतेक नोंदी तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांतल्या आहेत. गॉगल, गार्ड, आरसीसीबी हे सगळं लागतंच, पण माझ्या मते वर्कशॉपचं सर्वांत मोठं संरक्षक साधन वेळापत्रक आहे. वीस मुलांची तुकडी, सलग दोन तास, आणि यंत्रांवर कोणत्याही वेळी चारच जण, बाकीचे हातकामावर. यासाठी आणखी एक माणूस लागतो आणि त्याचा पगार लागतो. व्यवस्थापन थ्रीडी प्रिंटरला लगेच हो म्हणतं आणि माणसाला पुढच्या वर्षी बघू म्हणतं. या जूनच्या मागणीपत्रात मी दुसरा प्रिंटर खोडून त्या जागी माणूस लिहिला आहे, आणि सोबत ‘थोडक्यात वाचलो’ वहीतल्या वेळांचा तक्ता जोडला आहे.