फादर स्टीफन्स यांचं घरचं पत्र

रसेल स्क्वेअर स्टेशनपासून सोआसचं ग्रंथालय चालत जाण्याजोगं. तिथल्या मार्सडेन संग्रहात ‘ख्रिस्तपुराणा’चं देवनागरी हस्तलिखित आहे. १६१६ साली छापलेल्या रोमन लिपीतल्या मूळ पुस्तकाची एकही प्रत आज उरलेली नाही.

फादर थॉमस स्टीफन्स मूळचे आपल्या इथल्या विल्टशायरचे. १५७९ साली लिस्बनहून गोव्याला गेले आणि १६१९ मध्ये तिथेच वारले. म्हणजे आपला प्रवास, पण उलटा! पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी वडिलांना पत्र लिहिलं. वाटेत दीडशेवर माणसं आजारी पडली, सत्तावीस दगावली. समुद्रात कसले मासे दिसले. इथे प्यायला पाणी, नाहीतर माडी. हॅक्लुटने आपल्या प्रवासग्रंथात छापलं, म्हणून ते आज वाचता येतं.

बाबा गेल्यावर त्यांच्या कपाटात माझा पहिला एअरोग्राम सापडला. त्यातही विमानातलं जेवण आणि इथलं पाणी, एवढंच. बाबांची चौकशी शेवटच्या दीड ओळीत, कडेला कोंबलेली.

लेकीला मुद्दाम सोबत नेलं होतं. रविवारच्या मराठी शाळेत शिकलेली अक्षरं जुळवत ती हस्तलिखित वाचू लागली. तिसऱ्या शब्दाला अडली, माझ्याकडे पाहिलं. मीही तिथेच अडलो होतो.