पुसून जाणारी कीर्ति

कीर्तीसाठीं माणसें काय काय करतात! कोणी धर्मशाळा बांधून तिच्यावर आपलें नांव कोरवितो, कोणी पदरमोड करून स्वतःचें काव्य छापवितो. पण वीज बंद होतांच पुसून जाणाऱ्या कीर्तीसाठीं रांगेंत उभीं राहून नाणें खर्चणारीं माणसेंही जगांत आहेत, आणि मला तीं फार आवडतात. फिलिपीन्समध्यें ‘आर्केड’ नांवाच्या खेळघरांत, कपाटाएवढ्या यंत्रापुढें उभीं राहून पडद्यावरील शत्रू टिपणारीं पोरें हीं त्यांपैकींच.

यांतले कित्येक खेळ मूळचे जपानी. 1978 सालीं तोमोहिरो निशिकादो यांनीं रचलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्यें 11 जणांची एक अशा 5 ओळींत 55 शत्रू खालीं उतरत येतात. ते जसजसे कमी होतात तसतसे अधिक वेगानें सरकतात; कारण चित्रें थोडीं उरलीं कीं यंत्राचें काम हलकें होतें. आपल्या यशानेंच आपलें संकट वाढावें, असा हा न्याय! प्रपंचांत मुरलेल्या वाचकाला याचें स्पष्टीकरण नको. 1981 च्या ‘गॅलगा’ची तऱ्हा याहून मौजेची. तेथें आपलें एक विमान मुद्दाम शत्रूच्या हातीं पडूं द्यावयाचें, मग तें सोडवून आणून दोन विमानें जोडीनें चालवावयाचीं. मारा दुप्पट होतो, पण मार खाण्याची जागाही दुप्पट होते.

त्याच 1981 च्या नोव्हेंबरांत राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनीं अशा खेळांवर देशभर बंदी घातली. मुलें बिघडतात अशी पालकांची ओरड होती. यंत्रें मोडून टाकण्यास किंवा सरकारजमा करण्यास मालकांना दोन आठवड्यांची मुदत मिळाली. 1986 त मार्कोस यांची सत्ता गेली आणि खेळ पुन्हा उजळ माथ्यानें सुरू झाले.

पालकांची चिंता अगदींच खोटी होती असें मी म्हणणार नाहीं. पैसा आणि वेळ दोन्ही त्या पेटींत जातात. पण त्यांनीं पडदा तेवढा पाहिला. खेळणाऱ्याच्या पाठीशीं उभा असलेला घोळका पाहिला नाहीं. तिकडे मित्रमंडळाला ‘बार्काडा’ म्हणतात. एका नाण्यांत कोण किती दूर जातो, एवढीच त्यांची पैज. बक्षीस नाहीं, पंच नाहीं. या जुन्या यंत्रांतील सर्वोच्च गुणांचा आंकडा रात्रीं वीज बंद केली कीं नाहींसा होतो. दुसऱ्या दिवशीं तो सांगणार कोण? जो पाठीमागें उभा होता तो. आणि तोच बहुधा प्रतिस्पर्धी असतो. ज्याला आपण हरविलें, त्याच्याच जिभेवर आपली कीर्ति ठेवायची! तिथें दुसऱ्याचा पराक्रम एका गुणानेंही कमी न करतां सांगणें, हें शिक्षण मला लहान वाटत नाहीं. पुष्कळ थोरामोठ्यांना तें जन्मभर साधत नाहीं.

टागालोग भाषेंत ‘लाबान’ म्हणजे लढत आणि ‘कालाबान’ म्हणजे प्रतिस्पर्धी. ‘लारो’ म्हणजे खेळ आणि ‘कालारो’ म्हणजे सवंगडी. शब्दामागें तोच ‘का’ लागून एकीकडे वैरी होतो, दुसरीकडे मित्र. पाठीशीं उभ्या असलेल्या त्या पोराला यांतलें कोणतें नांव द्यावें, हें मला ठरवितां येत नाहीं. बहुधा त्यालाही तें येत नसावें.