देणे नेमके कोणाचे?

चेन्नईच्या मैलापूर भागात राहणाऱ्या एका मराठी घरातील सूनबाईने २०१९ साली सासूबाईंचे पासबुक भरून आणले, आणि दोघीही चक्रावल्या. खात्यात शिल्लक होती उणे ४१२ रुपये! सासरे गेल्यापासून त्या खात्याकडे कोणाचे लक्षच नव्हते. किमान शिल्लक नाही म्हणून महिन्यामागून महिना दंड कापला गेला होता. एटीएम कार्डही बंद झाले होते.

जन्मभर कोणाचा एक पैसा न बुडवलेल्या सासूबाई रडवेल्या झाल्या. "भरून टाक गं. या वयात कर्जबुडवी म्हणवून घ्यायचं का?"

"आई, आधी देणं कोणाचं ते तर पाहू," सूनबाई म्हणाली.

रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेला होता. दंडापूर्वी ग्राहकाला कळवून किमान एक महिन्याची मुदत द्यायची, दंड तुटीच्या प्रमाणातच घ्यायचा आणि केवळ अशा दंडापायी बचत खाते उणे होऊ द्यायचे नाही. सूनबाईने एवढेच लिहून तक्रार दिली, पोच घेतली. तीन आठवड्यांत उणे रक्कम पुसली गेली, कार्डही सुरू झाले.

बँकेने ३० दिवसांत दाद दिली नसती, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता आले असते. १९९५ साली सुरू झालेल्या या सोयीसाठी शुल्क पडत नाही.

सासूबाई आता दर महिन्याला पासबुक स्वतः भरून आणतात. चष्मा लावून ओळ न् ओळ वाचतात.