धनुष्कोडीचा दगड

आमच्या शाळेच्या वाचनालयातील काचेच्या कपाटात शंख, शिंपले, खडक व जुनी नाणी यांचा लहानसा संग्रह आहे, हे विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. भूगोलाचा शिक्षक या नात्याने प्रत्येक सुट्टीत त्यात काही ना काही भर घालण्याचा माझा परिपाठ आहे. गेल्या वर्षी नाताळ आटोपल्यावर आम्ही सहकुटुंब रामेश्वरकडे निघालो, तेव्हा मी घरूनच एक चिठ्ठी लिहून खिशात ठेविली होती : “धनुष्कोडी. 1964 च्या वादळात नष्ट झालेले निर्जन नगर. तेथील एक दगड.” दगड तेवढा मिळावयाचा होता.

2025 साली सुरू झालेल्या नव्या पांबन पुलावरून आमची गाडी समुद्र ओलांडून गेली. जुना पूल 1914 सालचा. त्या काळी मद्रासहून निघालेली बोट मेल थेट धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत जाई आणि तेथून उतारू आगबोटीने सिंहलद्वीपातील तलैमन्नार बंदरास जात. त्यामुळे या चिंचोळ्या वाळूच्या पट्ट्यावर रेल्वे स्थानक, टपाल कचेरी, जकात कचेरी, रुग्णालय, शाळा असे सर्व काही उभे राहिले होते. आता लोहमार्ग रामेश्वरापाशीच संपतो. पुढील सुमारे 20 किलोमीटर मोटारीने जावे लागते. 2017 साली डांबरी सडक खुली होण्यापूर्वी शेवटचा टप्पा वाळूतून पायी अथवा जीपगाडीने काटावा लागे.

सडकेच्या दोन्ही अंगांस पाणी. उत्तरेस पाल्कचा उपसागर, दक्षिणेस मन्नारचे आखात. तेथील कोळी पहिल्यास स्त्री-समुद्र व दुसऱ्यास पुरुष-समुद्र म्हणतात, असे आमच्या मोटारचालकाने मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितले. यावर माझ्या धाकट्या मुलीने, “मग त्यांचे भांडण झाले असेल,” असा शेरा मारला. मी तिला भूगोल समजावून सांगू लागलो. पण 22 डिसेंबर 1964 च्या रात्री घडले त्याचे वर्णन याहून थोडक्यात मलाही करता आले नसते.

अंदमानच्या दक्षिणेस जन्मलेले ते चक्रीवादळ सिंहलद्वीप ओलांडून मध्यरात्रीच्या सुमारास या पट्ट्यावर आदळले. त्याच वेळी पांबनहून निघालेली 653 क्रमांकाची पॅसेंजर गाडी धनुष्कोडीच्या अगदी जवळ येऊन पोहोचली होती. समुद्राच्या लाटेने शंभराहून अधिक उतारूंसह ती गिळली. त्यातील एकही जीव वाचला नाही. एकंदर मृतांचा आकडा सुमारे 1800 सांगतात. नाताळ दोन दिवसांवर आला होता. पुढे सरकारने हे गाव वस्तीस अयोग्य ठरविले. मोडलेला पांबन पूल मात्र तरुण अभियंते ई. श्रीधरन यांनी अवघ्या 46 दिवसांत दुरुस्त करविला. आपल्या कोकण रेल्वेच्या उभारणीची धुरा पुढे वाहिली ती त्यांनीच.

हे सर्व मी नववीच्या वर्गास कित्येक वर्षे सांगत आलो आहे, आणि बरे सांगतो असा माझा समज होता.

स्थानकाचे काही खांब व पाण्याच्या टाकीचे अवशेष पाहून आम्ही प्रार्थनामंदिरापाशी आलो. छप्पर नाही, वेदीच्या मागची भिंत उभी आहे, आणि खिडक्यांतून समुद्र दिसतो. भिंती प्रवाळाच्या दगडांच्या आहेत. जवळ जाऊन पाहिले तर प्रत्येक दगडावर मेंदूसारख्या वळ्या व बारीक छिद्रे स्पष्ट दिसतात. समुद्रातून काढलेल्या त्या दगडांचीच समुद्राने ही दशा केली होती. सवयीने मी टोपी काढली. क्षणभर प्रार्थना केली आणि डोळे उघडताच पायाशी पडलेला, मुठीत मावेल एवढा एक सुबक तुकडा उचलून खिशात, त्या चिठ्ठीशेजारी, घातला.

बाहेर एक चाळिशीची बाई वाळूत उकरलेल्या हातभर खड्ड्यातून करवंटीने पाणी घागरीत भरीत होती. दोन्हीकडे खारा समुद्र असता मधल्या वाळूत गोडे पाणी सापडते. पावसाचे हलके पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते, म्हणून ते वरच्यावरच मिळते. खोल खणले तर खारे लागते. मुलीने ओंजळ पुढे केली, बाईने तीत पाणी ओतले. मीही प्यालो. खरोखरच गोड होते.

तिने माझ्या फुगलेल्या खिशाकडे पाहिले व चालकास काहीतरी म्हटले. तो सांगावयास कचरू लागला. मी आग्रह केला तेव्हा म्हणाला, “साहेब, ती म्हणते, तिच्या आईचा बाप्तिस्मा इथे झाला. वादळाच्या वेळी आई नऊ वर्षांची होती, ती वाचली. ती म्हणते, मी लहान होते तेव्हा ही भिंत माझ्या डोक्याच्या वर होती.” बाईने आपल्या कमरेजवळ हात धरून आता ती किती उरली आहे तेही दाखविले. “समुद्राने एकदाच नेले, म्हणते. पाहुणे रोज नेतात.”

ती रागावली नव्हती, हे मला अधिक लागले. पत्नी दुसरीकडे पाहू लागली. मी निमूटपणे परत आत गेलो आणि तो तुकडा होता तेथे ठेविला. नेमका तेथेच की हातभर अलीकडे, हे आता सांगवत नाही. बाहेर आलो तो झावळ्यांच्या झोपड्यांच्या रांगेतून धूर निघत होता, जाळी वाळत होती, आणि दोन मुले पाटीवर काहीतरी लिहीत बसली होती. येताना याच वाटेने मी गेलो होतो. ते सर्व तेव्हाही तेथेच असले पाहिजे. खिशातील चिठ्ठीवर ‘निर्जन’ असे माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते.

पाण्याचे पैसे मी देऊ केले, ते बाईने घेतले नाहीत. तिच्या टोपलीतील शंखांच्या माळेची किंमत मात्र तिने पत्नीशी बराच वेळ घासाघीस करून पुरेपूर वसूल केली. ती माळ कपाटात दुसऱ्या फळीवर ठेविली आहे. चिठ्ठी अद्याप लावलेली नाही.