पेडलमधल्या व्हॉल्व्हचा आग्रह मी का सोडला

व्हॉल्व्हच्या पॉवर ॲम्पला प्रीॲम्पही व्हॉल्व्हचाच हवा, या मतावर मी वर्षानुवर्षं ठाम होतो. बँडमधल्या पोरांशी त्यावरून तावातावाने भांडलो. ज्यांना परवडत नव्हतं त्यांना सांगितलं, थांबा, पैसे साठवा, पण घ्याल तर व्हॉल्व्हचंच घ्या. आज माझ्या पेडलबोर्डवर जो प्रीॲम्प आहे त्यात व्हॉल्व्ह नाही. तळहाताएवढा पत्र्याचा डबा आहे, आत जेफेट ट्रान्झिस्टर आहेत, आणि त्याची वायर दोन ईएल८४ असलेल्या पंधरा वॅटच्या ॲम्पमध्ये जाते. हे मत आधी कानाने बदललं. कारणं मी मागाहून शोधली, आणि ती शोधताना माझ्या लक्षात आलं की जुन्या मतामागे प्रेम भरपूर होतं, पण तपासून बघितलेलं फारसं काही नव्हतं.

त्या प्रेमाचं मूळ घरातच होतं. आमच्याकडे ठाण्याच्या कारखान्यात बनलेला मर्फी रेडिओ होता. बटण फिरवल्यावर लगेच आवाज यायचा नाही. आतल्या काचा तांबूस व्हायच्या, मग हळूहळू आवाज वर यायचा. ज्याने लहानपणी ते पाहिलं त्याला गिटारच्या ॲम्पमधला व्हॉल्व्ह परका वाटत नाही. गिटारच्या दुनियेतही इतिहास तोच धडा देत होता. जिम मार्शलच्या लंडनमधल्या दुकानात १९६२ साली पहिला जेटीएम४५ तयार झाला, तो फेंडरच्या बेसमन ॲम्पचं सर्किट समोर ठेवून. त्यात प्रीॲम्पचे आणि पॉवरचे व्हॉल्व्ह एकाच पेटीत, एकाच साखळीत. ज्या रेकॉर्ड ऐकून आम्ही वाजवायला शिकलो त्या अशाच पेट्यांवरच्या. प्रीॲम्प आणि पॉवर ही दोन वेगळी कामं आहेत, आणि त्यातलं कुठलं काम आवाजाला काय देतं हे सुटं करून ऐकावं, असं मनातही यायचं नाही.

सुटं करून ऐकायची वेळ पावसाळ्याने आणली. माझ्या काँबो ॲम्पच्या प्रीॲम्पचा बोर्ड दमट हवेने खराब झाला. डोंबिवलीत एक जुने रेडिओ मेकॅनिक आहेत, आता नातवाच्या मोबाइलच्या दुकानात मागच्या बाजूला बसतात. त्यांच्याकडे ॲम्प घेऊन गेलो. त्यांनी मागचं झाकण काढलं, आधी मोठ्या कपॅसिटरमधला चार्ज रेझिस्टर लावून उतरवला (प्लग काढल्यावरही तिथे तीनशेच्या वर व्होल्ट बसून राहतात, म्हणून हे काम ज्याला येतं त्यानेच करावं) आणि म्हणाले, "तुझा पुढचा भाग गेलाय रे. मागचा ठणठणीत आहे. बोर्ड मिळेपर्यंत बाहेरून प्रीॲम्प आण आणि इथे रिटर्नला, म्हणजे थेट पॉवर ॲम्पच्या तोंडाशी, लाव."

मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने एकेक दाखवलं. हे दोन ईएल८४, रेडिओग्राममध्ये असायचे तेच. त्यांच्या शेजारी हा एक १२एएक्स७. मी म्हटलं, "काका, हा तर प्रीॲम्पचा ना?" ते म्हणाले, "नाही, हा फेज इन्व्हर्टर. आलेल्या सिग्नलचे दोन उलटे भाग करून या दोघांना वाटून देतो." १९४७ साली आरसीएने बाजारात आणलेला, युरोपात ईसीसी८३ या नावाने ओळखला जाणारा हा छोटा व्हॉल्व्ह मी पेडलमध्ये शोधत हिंडणार होतो. तो पॉवर सेक्शनच्या दारातच उभा होता. रिटर्नमध्ये काहीही लावलं तरी सिग्नल त्याच्यातून जाणारच होता.

तरीही मी आधी व्हॉल्व्हच्या पेडलांच्याच मागे लागलो. त्यात दोन जाती आहेत हे बघताबघता कळलं. फ्रान्सच्या टू नोट्सच्या प्रीॲम्प पेडलांत आतल्या आत दोनशे व्होल्ट तयार करून १२एएक्स७ला त्याच्या मानाप्रमाणे चालवलं जातं. ब्रिटनच्या व्हिक्टरीच्या व्ही४ मालिकेत चार छोटे व्हॉल्व्ह बसवलेले असतात. ही खरोखर उत्तम पेडलं आहेत. दुसऱ्या जातीत व्हॉल्व्हला बारा-चौदा व्होल्टवर अर्धपोटी ठेवतात, आणि काहींत तर काचेखाली नारिंगी एलईडी लावतात, म्हणजे तो पेटलेला दिसावा. मला एका ओळखीच्या गिटारिस्टने दिलेलं पेडल या दुसऱ्या जातीतलं होतं. त्याच्यातली मुख्य कुरकुर एका साध्या ऑपॲम्पमधून येत होती. व्हॉल्व्ह नंतर येऊन तिला थोडा मऊपणा देत होता, एवढंच.

पहिल्या जातीची अडचण विजेची आणि जागेची. १२एएक्स७चा नुसता फिलामेंट बारा व्होल्टच्या जोडणीत दीडशे मिलिॲम्पिअर खातो. पेडलबोर्डच्या पॉवर सप्लायवर नेहमीचं एक भोक शंभर मिलिॲम्पिअर देतं. म्हणजे वेगळा ॲडॉप्टर आला, मोठा डबा आला, आणि तो ठेवायला मोठी केस आली. मी डोंबिवलीहून दादरला प्रॅक्टिसला लोकलने जातो. पाठीवर गिटार आणि हातात बोर्ड घेऊन संध्याकाळी दादरला गाडीत चढणाऱ्या माणसाला 'कॉम्पॅक्ट' या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

दरम्यान हाताशी असलेलं सगळं मी रिटर्नमध्ये लावून पाहत होतो, आणि खरं शिक्षण तिथे झालं. आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर, ज्याच्यावर माझा जीव आहे, तो थेट रिटर्नला लावला तर आवाज नाकातून आल्यासारखा आणि पोकळ. दोष पेडलचा नाही. ७२० हर्ट्झच्या खालच्या सुरांना तो मुद्दाम कमी गेन देतो आणि मधला पट्टा पुढे आणतो, कारण आपल्यापुढे ॲम्पचा अख्खा प्रीॲम्प आहे हे तो गृहीत धरतो. फेंडर किंवा मार्शलच्या प्रीॲम्पमधली बास-मिडल-ट्रेबलची जोडणी सगळी बटणं मध्यावर ठेवली तरी सपाट नसते; चारशे ते सातशे हर्ट्झच्या दरम्यान कुठेतरी ती खड्डा पाडते. ट्यूब स्क्रीमरचा उंचवटा त्या खड्ड्यात बसतो आणि दोघं मिळून छान वाजतात. खड्डाच काढून टाकला की उरतो नुसता उंचवटा.

म्हणजे पॉवर ॲम्पपुढे उभं राहणाऱ्या पेडलकडून आधी हवी ती ॲम्पसारखी टोनची जोडणी. ती असलेलं जेफेटचं पेडल मी पहिल्यांदा लावलं, तेव्हा ई मेजर कॉर्ड मारून हात तसाच ठेवला. खालची तार सुटी ऐकू येत होती, वरच्या तारा तिच्यावर स्वच्छ उभ्या होत्या. गिटारचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणला तर खरखर हळूहळू गळून पडली, एकदम तुटली नाही. हे मला फक्त काचेकडून मिळेल असं वाटायचं. रशियातल्या ओम्स्क शहरातली एएमटी कंपनी नामांकित ॲम्पच्या चालीवर अशी जेफेटची पेडलं कित्येक वर्षं बनवते आहे. त्यामागचा विचार सरळ आहे: प्रत्येक व्हॉल्व्हच्या टप्प्याजागी एक जेफेट, आणि टप्प्यांमधली गाळणी जवळपास तशीच. जेफेट हुबेहूब व्हॉल्व्हसारखा मुळीच वागत नाही. पण डिस्टॉर्शनचा स्वभाव ठरतो तो कुठल्या टप्प्यात किती बास कापला आणि कुठे किती ठोकलं यावर, आणि ते दोन्हीकडे करता येतं.

मग सिग्नलच्या जोराचा प्रश्न. माझा एक जुना आक्षेप होता की नऊ व्होल्टचं पेडल तीनशे व्होल्टच्या यंत्राला काय हलवणार? वहीवर आकडे मांडले. प्रीॲम्पमधला व्हॉल्व्ह आत कितीही व्होल्ट खेळवो, पुढे देताना तो सिग्नल कापूनच द्यावा लागतो. पॉवर ॲम्पला स्टुडिओच्या लाइन लेव्हलइतका, म्हणजे +४ डीबीयू, साधारण १.२३ व्होल्ट सिग्नल मिळाला की त्याचं पोट भरतं. नऊ व्होल्टच्या पेडलमधून तत्त्वतः तीन व्होल्टपर्यंत निघू शकतात. तेव्हा व्होल्ट पुरेसे आहेत. पेडल बनवणाऱ्याने शेवटचा टप्पा तेवढा सशक्त ठेवलाय का, एवढंच बघायचं. काहींनी ठेवलेला नसतो. अशा पेडलचा व्हॉल्यूम पूर्ण उघडला तरी ॲम्प झोपलेलाच राहतो. दुकानात हे तपासायला दोन मिनिटं लागतात, पण त्यासाठी पेडल रिटर्नला लावावं लागतं. पुढच्या इनपुटला लावून काहीच कळत नाही.

आणि पेडलमध्ये कॅबिनेटची, म्हणजे स्पीकरच्या पेटीची, नक्कल असेल तर ती बंद करता आली पाहिजे. न्यूयॉर्कच्या टेक २१ने १९८९ मध्ये सॅन्सॲम्प आणला तो ॲम्पशिवाय थेट मिक्सरमध्ये जाण्यासाठी, आणि तिथे स्पीकरची नक्कल आवाजातच मिसळलेली असणं योग्यच होतं. पण समोर खरा बारा इंची स्पीकर असेल तर तो पाच हजार हर्ट्झच्या पुढचं स्वतःच कापतो. एकच कात्री दोनदा चालली की आवाज घुसमटतो.

आता ज्या गोष्टीने माझं मत पक्कं फिरलं तिच्याकडे येतो. पंधरा वॅटचा ॲम्प आणि एका वॅटला १०० डेसिबल देणारा स्पीकर म्हणजे पूर्ण उघडल्यावर एका मीटरवर जवळजवळ ११२ डेसिबल. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये मी वॅटच्या छोट्याशा अंशावर वाजवतो. त्या पातळीला ईएल८४ अजिबात फाटत नाहीत. मग तेच पेडल ट्रान्झिस्टरच्या पॉवर ॲम्पवर कोरडं आणि या ॲम्पवर जिवंत का लागतं?

उत्तर स्पीकरकडे आहे. आठ ओहमचा स्पीकर आठ ओहम सगळीकडे नसतो. ७५ हर्ट्झच्या आसपास, जिथे त्याचा कोन स्वतःहून थरथरायला तयार असतो, तिथे त्याचा अडथळा कितीतरी पटींनी चढतो. वरच्या सुरांतही तो चढत जातो. ट्रान्झिस्टरचा ॲम्प स्पीकरला करकचून धरून ठेवतो, त्यामुळे हे चढउतार आवाजात उतरत नाहीत. माझ्या ॲम्पमध्ये निगेटिव्ह फीडबॅक नाही, त्याची पकड सैल आहे, म्हणून खाली थोडी छाती आणि वर थोडी धार आपोआप येते. तंबोऱ्याच्या जवारीत दोरा केसभर सरकवला की तीच तार बोलायला लागते. या ॲम्पची सैल पकड माझ्या कानाला तशी वाटते. माझं ज्या व्हॉल्व्हवर प्रेम होतं तो हे काम करत होता, ट्रान्सफॉर्मरच्या आणि स्पीकरच्या सोबतीने, आणि ते काम कुठल्याही पेडलमध्ये भरून मिळत नाही. हे कळल्यावर पेडलमध्ये व्हॉल्व्ह असलाच पाहिजे हा आग्रह माझ्या मनातून गळून गेला. व्हॉल्व्हबद्दलचा आदर मात्र वाढला.

ज्यांना मी थांबायला सांगितलं होतं त्यातल्या एकाला मी मुद्दाम बोलावलं आणि त्याच्या गिटारवर हे वाजवून दाखवलं. त्याच्या सेकंडहँड ॲम्पला रिटर्न होताच. त्याने आठवड्याच्या आत जेफेटचं पेडल घेतलं. त्याला मी दोनच गोष्टी बजावल्या. स्पीकरची वायर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प कधीही चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि घरी हळू आवाजात जमवलेला टोन प्रॅक्टिसला तसाच ठेवायचा नाही, कारण हळू आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो म्हणून आपण तो वाढवून ठेवतो, आणि मोठ्या आवाजात तोच बास सगळ्यांच्या अंगावर येतो.

एका बाबतीत माझं मत अजून जुनंच आहे. अगदी स्वच्छ, डिस्टॉर्शन नसलेल्या आवाजात, जोरात मारलेल्या सुराची कड वळवताना दोनशे व्होल्टवर चालणारा व्हॉल्व्ह जे करतो, ते माझ्या डब्याला जमत नाही. तो सूर त्याच्याकडून सपाट येतो. बोर्डवर डाव्या कोपऱ्यात एक जागा मोकळी आहे. क्लीनसाठी तिथे टू नोट्सचं एखादं पेडल मावतं का, हे पट्टी घेऊन मोजून ठेवलंय. वेगळा ॲडॉप्टर बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात जाईल.