चौकोनातली कविता

पानावरच्या काळ्या-पांढऱ्या चौकोनावर मूल मोबाइल धरतं. हाताची सावली पडते, कॅमेरा अडखळतो. पुस्तक जरा उजेडाकडे सरकवलं, की कविता सुरू!

परितेवाडीच्या (ता. माढा, जि. सोलापूर) जिल्हा परिषद शाळेत शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी हे क्यूआर कोड आणले, पुढे ते बालभारतीच्या पुस्तकांत आले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटून टाकली.

कविता ऐकणं ठीकच. खरी गंमत मुलं स्वतः फोटो काढू लागली की येते. मोड येणाऱ्या मटकीशेजारी पट्टी ठेवायची, रोज एकाच जागेवरून टिपायचं; वाढ आपोआप दिसते.

मात्र घरातला एकुलता मोबाइल सकाळीच बापाबरोबर रानात जातो, हे गृहपाठ देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.