धुक्याकडून उन्हाकडे : इटलीतील हिवाळी प्रवास

दिवाळीचा हंगाम आटोपला, की व्यापारी कुटुंबांत प्रवासाचा विषय निघतो. मुलांना नाताळची सुटी असते. सुवर्णव्यवसायातील काही मंडळींना जानेवारीत व्हिचेन्झा येथील दागिन्यांच्या प्रदर्शनाला जायचे असते. साहजिकच इटलीचे नाव पुढे येते आणि भूमध्य सागराकाठचा देश म्हणजे उबदारच असणार, या समजुतीने सामान बांधले जाते. ही समजूत अर्धीच खरी आहे. हजार किलोमीटरहून अधिक लांबीच्या या देशात हिवाळ्याचे रूप प्रदेशागणिक पालटते.

मिलान आणि व्हिचेन्झा उत्तरेच्या मैदानात आहेत. आल्प्स व अपेनाइन्स या पर्वतांनी वेढलेल्या या सखल भागात थंड, दमट हवा साचून राहते, वारा पडतो आणि धुके उतरते. जानेवारीत दुपारचे तापमानही सहा-सात अंशांच्या आसपास असते. रात्री ते शून्यापर्यंत खाली येते. व्हेनिसमध्ये शरद ऋतूच्या अखेरीपासून मोठ्या भरतीचा काळ असतो. २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी उचलते दरवाजे कार्यान्वित झाल्यामुळे मोठे पूर अडवले जातात. तरी सेंट मार्क चौकाच्या सखल भागात लहान भरतीचे पाणी येऊ शकते.

रोममध्ये दुपारी बारा अंशांच्या आसपास, तर सिसिलीतील पालेर्मो येथे पंधरा अंशांपर्यंत तापमान असते. आपल्याकडच्या उलट तेथे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. त्यामुळे दक्षिणेतही छत्री हवीच. एटना ज्वालामुखीच्या माथ्यावर तर बर्फच असते.

जैन प्रवाशाला मात्र तापमापकाइतकेच घड्याळही पाहावे लागते. डिसेंबरअखेर मिलानमध्ये सूर्योदय सकाळी ८ च्या सुमारास होतो आणि सूर्यास्त दुपारी ४.४० च्या आसपास. पालेर्मोमध्ये सूर्य ७.२० च्या सुमारास उगवतो व ४.५० ला मावळतो. म्हणजे दक्षिणेला गेल्यावर दिवस सुमारे पन्नास मिनिटांनी वाढतो आणि त्याचा मोठा लाभ सकाळी मिळतो. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी येणारी नवकारशी मिलानमध्ये पावणेनऊच्या पुढे, तर पालेर्मोमध्ये आठच्या थोडे पुढे येते. उपाहारगृहांत दुपारचे जेवण साधारण साडेबारा ते अडीच या वेळेत मिळते, रात्रीचे साडेसातनंतर. चौविहाराच्या वेळी तेथील चुली बंद असतात.

अनेक कुटुंबांत याच ठिकाणी प्रवासाचा रंग उतरतो. चाळीस-पन्नास वर्षे नियम पाळलेल्या आजी-आजोबांपुढे उपाशी झोपणे किंवा 'प्रवासात चालते' म्हणत नियम मोडणे, असे दोनच मार्ग उरतात. तिसरा मार्ग तिकिटे काढण्यापूर्वीच्या विचारात असतो. स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी, ती स्थानकाजवळ असावी आणि चार वाजता सर्वांनी तेथे परतावे. थंडीत बाहेरचा वेळ तसाही सकाळी अकरा ते तीन एवढाच सुखाचा असतो. धुक्याच्या दिवशी चर्च, संग्रहालये पाहावीत; उघडे चौक व टेकड्या दक्षिणेसाठी राखाव्यात. २५ व २६ डिसेंबर, १ व ६ जानेवारी हे सुटीचे दिवस असतात. त्यांच्या आदल्या दिवशी भाजी, फळे, डाळ घेऊन ठेवावी. ६ जानेवारीनंतर गर्दी ओसरते.

अन्नाबाबतही प्रदेश पालटतो. उत्तरेकडील ताज्या पास्त्यात बहुधा अंडे असते. कोरडा पास्ता सहसा केवळ रवा व पाण्याचा असतो, तरी वेष्टन वाचावे. अनेक सारांची सुरुवात कांदा-गाजरानेच होते. पार्मिजानो चीज वासराच्या जठरातील द्रव्य वापरून करतात, म्हणून ते स्पष्टपणे नाकारावे. उत्तरेत मक्याच्या पिठाचा पोलेंटा आधाराला येतो. तो पाण्यात शिजवला आहे ना, एवढे विचारावे. पालेर्मोमध्ये पानेल्ले मिळतात. हरभऱ्याचे पीठ पाण्यात शिजवून, थापून, कापून तळलेला हा पदार्थ पाहिला, की मराठी घराला पाटवडी आठवते. मात्र त्याच कढईत बटाट्याचे पदार्थही तळले जातात, म्हणून पानेल्ले खोलीवर करणे उत्तम. पीठ तेथेच मिळते. सिसिलीची लालसर संत्री याच मोसमात येतात.

दहा दिवस हाती असतील, तर तीन उत्तरेत, तीन रोममध्ये व चार सिसिलीत असा क्रम ठेवावा. संधिवात असलेल्या ज्येष्ठांना थेट रोमला उतरवून प्रदर्शनाला जाणाऱ्यांनी एकट्यानेच व्हिचेन्झाला जावे. सिसिलीकडे जाणारी आगगाडी मेसिनाच्या सामुद्रधुनीत डब्यांसह जहाजावर चढते. हा प्रवास दिवसभराचा असल्यामुळे पालेर्मो गाठेपर्यंत अंधार पडलेला असतो. चार वाजता डबा उघडून जेवण उरकले, तर कोणालाही उपाशी उतरावे लागत नाही.

पावसाळ्यात साधू-साध्वी एका ठिकाणी स्थिरावतात. श्रावकानेही परक्या देशातील या पावसाळी ऋतूत चार शहरे कमी पाहावीत. आजी-आजोबांचा नियम अखंड ठेवून घरी परतणे हे त्या चार शहरांहून मोलाचे आहे.